झोप लागत होती का

कचेरीत तिला सगळे रकानेबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती मृत्यूनोंदणीच्या टेबलावर बसत होती, आणि ज्यांनी स्वतःचा जीव दिला त्यांचे फॉर्म तिच्याच गळ्यात पडत, कारण बाकीचे त्यांना हात लावायला कचरत. घरच्या माणसाला समोर बसवायचं, पाणी द्यायचं आणि रकाने भरायचे. वय, काम, लग्न, कोणाबरोबर राहत होते. शेवटचा प्रश्न झोपेचा असे. झोप लागत होती का?

दरवर्षी बेरीज तीच करी. नव्यानं लग्न झालेल्या मुली असत, परीक्षेला बसलेली पोरं असत, पण सगळ्यात जाड गठ्ठा पन्नाशीच्या पुरुषांचा. काम सुटलेलं, बायको गेलेली, राहणं एकट्याचं. अशी कितीतरी माणसं धडधाकट जगतात, रकाना म्हणजे काही भविष्य नव्हे, हे ती नव्या कारकुनांना दटावून सांगायची.

त्या दिवशी डबा उघडला आणि दादाचा फोन आला. छापखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा तिचा थोरला भाऊ.

"माझी हत्यारांची पेटी कोणाला हवी असेल तर बघ गं," तो मजेत म्हणाला. "मला आता काय करायचीय?"

तिनं डबा तसाच झाकला. या पेटीतला एक स्क्रूड्रायव्हर तिच्या नवऱ्यानं एकदा नेला होता, तर दादानं तो तीनदा फोन करून परत मागवला होता. वय चोपन्न. छापखाना गेल्या वर्षी बंद पडला. वहिनी त्याच वर्षी गेली. लोकांचे रकाने भरता भरता घरचा रकाना तिनं वाचलाच नव्हता.

अर्धी रजा टाकून ती निघाली. विचारायचं कसं? फॉर्म भरताना कितीतरी नातेवाईक म्हणाले होते, "विचारावंसं वाटलं होतं हो, पण म्हटलं, उगाच डोक्यात भरवायला नको." या वाक्याला फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून तिनं ते कधी लिहिलं नाही. पण आता ते एकेकाच्या आवाजात आठवत होतं.

दादानं दार उघडलं. दाढी केलेली, खोली लख्ख. पेटी दाराशीच, स्वच्छ पुसून ठेवलेली.

"रकानेबाई, भर दुपारी? साहेबानं हाकललं की काय?"

त्यानं चहा टाकला. वाटेत जुळवलेली वाक्यं तिला एकही आठवेना. एकोणीस वर्षांची सवय आपोआप बोलून गेली. "दादा, झोप लागत होती का?"

"होती का?" तो हसला. "अगं, मेलोय का मी?"

तिला हसता आलं नाही. ते बघून त्याचंही हसू गेलं. तेव्हा तिनं सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

दादानं गॅस बारीक केला.

"वाटतं," तो म्हणाला. "सकाळी जास्त."

इतकी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. पळून जावंसं वाटलं. तिनं त्याचा दंड धरला. "चल. डॉक्टरकडे. आत्ता."

"चहा तरी घेऊ दे." पण तो निघाला.

दवाखान्यात खिडकीतून फॉर्म मिळाला. तिनं सवयीनं पेन काढलं. वय, काम, लग्न. 'कोणाबरोबर राहतात' यापाशी हात थांबला. मग तिनं लिहिलं, बहिणीकडे.

"खोटं लिहितेस," शेजारून दादा म्हणाला.

"सकाळपर्यंत खोटं होतं."

दादानं तो रकाना पुन्हा एकदा वाचला. नंबर पुकारला, तेव्हा उठता उठता म्हणाला, "मग पेटी कोणाला देऊ नकोस."