वॉल्टरचं ड्रिल मशीन

वसईहून मस्कतला येऊन माझ्या नवऱ्याला, वॉल्टरला, बारा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तो कुणाच्या भानगडीत पडला नाही. ‘आपल्याला काय करायचंय’ हे त्याचं ब्रीदवाक्य. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर शेजारच्या तुस्कानोने आधी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठोकलं, मग पार अलीमियाँच्या दारापर्यंत कपड्यांची दोरी ओढली. बिचारे अलीमियाँ तक्रार घेऊन आले, तेव्हाही वॉल्टरचं तेच. वर तुस्कानोला भिंतीत भोकं पाडायला ड्रिल यानेच दिलेलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवची. आमची हेझल तेव्हा दहावीला होती. वॉल्टर तिला इतिहास शिकवत होता.

“जपानने मांचुरिया घेतला, मग चीनमध्ये घुसला. अमेरिका म्हणाली, आपल्याला काय करायचंय. वर जपानलाच तेल आणि भंगार लोखंड विकत बसली. मूर्खपणा नाही तर काय?”

“मग अमेरिका जागी कधी झाली, डॅडी?”

तेवढ्यात तुस्कानो पुन्हा ड्रिल मागायला आला. वॉल्टरने दिलं. मी कपाळावर हात मारला.

पाच मिनिटांत आमच्या हॉलची भिंत थरथरली आणि ड्रिलचं टोक पलीकडून थेट चर्चच्या कॅलेंडरमधून आत आलं. वॉल्टर अनवाणीच बाहेर धावला.

हेझलने शांतपणे वहीत उत्तर लिहिलं: पर्ल हार्बर.