दहाने भागलेला धडा

संख्याशास्त्राच्या बाईंना विद्यापीठात सगळे खडूबाई म्हणत. सव्वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून त्यांच्या उजव्या बाहीवरचा पांढुरका डाग कायमचा झाला होता. विभागप्रमुखांनी त्यांचे चाळीस तास कॅमेऱ्यात टिपून घेतले, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. मागच्या बाकावरच्यांना कळलं नाही तर पुन्हा ऐकता येईल, यात वाईट काय?

सतराव्या धड्याच्या दिवशी अंगात ताप होता. नमुन्यातल्या दहा आकड्यांचा पसारा मोजताना भागायचं एकाने कमी, म्हणजे नऊने; बाईंनी भागलं दहाने. कुणाच्या लक्षात आलं नाही. धडा दोन वर्षं मोठ्या पडद्यावर चालला आणि परीक्षेचे संगणकही त्यावरूनच उत्तरं तपासू लागले.

एक दिवस दुसऱ्या वर्षाची एक मुलगी खोलीत आली.

"बाई, मी पुस्तकाप्रमाणे नऊने भागलं. मशीनने शून्य दिलं. दोन मार्कांनी नापास झाले."

बाईंनी धडा लावला. पडद्यावरच्या बाई अगदी ठामपणे चुकत होत्या. खऱ्या बाई तो बदलून घ्यायला तडक उठल्या.

संगणक विभागातला साहेब म्हणाला, "धडे ते चालवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात आहेत. करार संपेपर्यंत अक्षरसुद्धा बदलता येणार नाही."

विभागप्रमुखांनी दार लोटून घेतलं. "अहो, शिकवलंत तुम्हीच ना? आता दोन वर्षांचे निकाल उकरायचे? झाकली मूठ राहू द्या."

तिसऱ्या दिवशी बाई तो धडा सुरू असताना वर्गात शिरल्या. पडदा थांबवायचं बटण तिथे नव्हतंच, फळाही काढून नेलेला. त्या आपल्याच आवाजावर ओरडल्या, "मुलांनो, ही बाई चुकतेय! नऊने भागा!"

वर्ग हसला. मग कुणीतरी विचारलं, "पण बाई, परीक्षेत काय लिहायचं?"

बाईंना वाटलं, खरं लिहा म्हणावं तर पोरांचे मार्क जाणार. पडद्यावर धडा पुढे सरकत राहिला.

त्यांनी कुलगुरूंना चूक कबूल करणारं पत्र दिलं. समिती नेमल्याचं उत्तर आलं, त्यापुढे काहीच नाही. दरम्यान त्या नापास मुलीने पुन्हा परीक्षा दिली. निकालानंतर ती जिन्यात भेटली.

"पास झाले, बाई," ती खाली बघत म्हणाली. "दहाने भागलं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. मुलगी खाली गेली, तरी त्या कठडा धरून तिथेच उभ्या राहिल्या.