सहा सेकंदांची प्रार्थना

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. केबिनच्या छतावर उतरण्याआधी तो डोळे मिटून, मान खाली घालून उभा राहायचा. लहानपणी मी घड्याळ लावून मोजलं होतं, बरोबर सहा सेकंद. एवढ्या वेळात हा देवाशी काय बोलत असेल? विचारलं की म्हणायचा, "तुझं नाव सांगतो, अभ्यास करत नाही म्हणून."

मागच्या वर्षी मामा पडला. छतावर पाय ठेवला आणि केबिन हातभर वर सरकली. खांद्याचं हाड मोडलं. चर्चमधली माणसं भेटायला आली, प्रभूने राखलं म्हणाली. मामा सगळ्यांना हो हो म्हणाला आणि ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्रार्थना तर त्याही दिवशी केली होती. तेच त्याला आतून खात होतं.

हाड तीन महिन्यांत जुळलं. पण दोनदा कामावर गेला आणि दोन्ही वेळा उघड्या दारातूनच परत फिरला. सुपरवायझर त्याचा जुना सोबती. तरीही त्याने स्पष्ट सांगितलं, की सोमवारी छतावर उतरून दाखव, नाहीतर गोदामात सुटे भाग मोजायला बस. तेवीस वर्षं लिफ्टच्या आवाजावरून दुखणं ओळखणाऱ्या माणसाला गोदाम म्हणजे घरी बसण्यासारखंच.

मी इलेक्ट्रिकल शिकलेली, त्यामुळे मला भलताच प्रश्न पडला होता. रविवारी उपासनेहून आल्यावर जेवताना विचारलं, केबिन हललीच कशी?

मामाने ताटातला चमचा बाजूला ठेवून समजावलं. छतावर एक लाल बटण असतं. मजल्यावरचं दार उघडून, हात आत घालून ते आधी दाबायचं, म्हणजे केबिन थांबून राहते. मग दार लावून बाहेरून लिफ्ट बोलवायची. ती हलली नाही, तरच बटण चालतंय असं समजायचं. त्या दिवशी बटणाची तार सुटलेली होती. आणि लिफ्ट बोलवून बघायचं राहून गेलं.

"मग प्रार्थना कधी केलीस?"

"बटण दाबल्यावर. आमेन म्हटलं आणि उतरलो."

मामी वाढता वाढता ऐकत होती. "घरी गॅस बंद आहे का म्हणून दोनदा उठतोस," ती म्हणाली, "आणि तिथे तपासायचं काम देवावर ढकललंस होय?"

मामा हसला. पडल्यापासून पहिल्यांदाच.

सोमवारी मी रजा काढून सोबत गेले. जुनी आठ मजली इमारत, सुपरवायझर आधीच येऊन थांबलेला. मामाने किल्लीने दार उघडलं, बटण दाबलं, दार लावलं, लिफ्ट बोलवली. केबिन हलली नाही. त्याने पुन्हा बोलवली. ओठ सारखे हलत होते, डोळे मात्र टक्क उघडे. मी घड्याळ पाहिलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. दार परत उघडलं, पण तो उंबऱ्यावरच अडला.

"भीती वाटतेय?" सुपरवायझरने हळूच विचारलं.

"वाटतेय."

"वाटू दे. ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी काम करत नाही."

मामाने एक पाय टाकला. मग दुसरा. वरची लोखंडी पट्टी घट्ट धरून तो तसाच उभा राहिला, आणि काही वेळाने एक हात सोडून त्याने बॅटरी लावली.

मी दाराशी वाकून विचारलं, "मामा, आज देवाशी एवढं काय बोललास?"

"आधी नुसतं 'सांभाळ' म्हणायचो. आज भीती वाटते हेही सांगितलं."

"मग तो काय म्हणाला?"

"पुन्हा एकदा तपास म्हणाला. ते फडकं दे इकडे, इथे केवढी धूळ साचलीय बघ."