आबांच्या केळीवरचा टॅक्स

आज रिटर्न भरायची शेवटची तारीख. मोबाइल उघडला, तोच खालून पिकल्या केळ्यांचा वास आला आणि मी मनानं तरंगत थेट जुन्या दिवसांत, गावी शिरपूरला पोचलो. करसल्लागाराचं ऑफिस, पेंगणारा पंखा आणि टेबलावर माझ्या वडिलांनी, आबांनी ठेवलेला हत्तीच्या पिल्लाएवढा पिवळाधमक घड. त्या वासानं फायलीसुद्धा पेंगुळल्या होत्या. शेजारचे गुरुजी टॅक्स भरत, म्हणून आबांनाही तो मान हवा होता.

"आबा, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो," सल्लागार म्हणाले.

"का बरं? मनी केयी काय हलकी शे का?" आपल्या केळीला हलकी ठरवलं असं वाटून आबा खवळले.

सल्लागारांनी एक केळं सोललं, डोळे मिटून खाल्लं. "इतक्या गोड केळीवर टॅक्स लावायची सरकारला लाज वाटते, आबा."

आबा ताठ मानेनं बाहेर पडले. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आज टॅक्स भरला. माझ्या पगाराची चव मात्र कुणी घेतली नाही.