विलायती पाहुणे आणि आमचा ओढा

दोन हजार पंचवीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. चौथीत माझी शाळा सुटली, पण आमच्या बिलोलीकडच्या ओढ्याचं पाणी कसं होतं, ते मला कुणी शिकवायची गरज न्हाई. वरच्या अंगाला हळदीचा कारखाना झाला, त्याचं उग्र वासाचं पिवळं पाणी पाइपातून ओढ्यात यायला लागलं आणि माझ्या बैलांनी ओढ्याला तोंड लावायचं सोडलं. मी हापसा मारून त्यांना पाजायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरनं पारावर बैठक घेतली. म्हणाला, विलायतेशी सरकारचा व्यापाराचा करार झालाय. त्यात कलम आहे, धंदा वाढवायला नदीनाल्यांच्या रक्षणाचे कायदे ढिले करायचे नाहीत. म्हणून हळद घेणारे पाहुणे उद्या ओढाही बघणार.

"तेव्हा बैल घरीच धुवा. मी टँकर पाठवतो."

"कलम लई चांगलं हाय," मी म्हणालो. "मग पाइप बंद करा."

"बंद केलाय, काका."

"पाहुणे जाईपर्यंत?"

लोक हसले. सरपंच तेवढा चिडला. "काका, पाहुणे माघारी फिरले तर बायांचं काम जाईल. तुमची सून पण तिथंच हाय."

संध्याकाळी मी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि रीतीप्रमाणं त्यांच्या कानात म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." सून दारात उभी होती.

"मामा, उद्या ओढ्यावर जाणारच का?"

"जाणार. तुझं काम गेलं तर?"

"आजवर माझं ऐकलंय कधी तुम्ही?" मग हळूच म्हणाली, "पाइपाच्या तोंडाशी पिवळा गाळ साचलाय. तो दिसू नये म्हणून त्यांनी वर हिरव्या कडवळाचे भारे रचलेत."

हिरवी वैरण! तीही पोळ्याला, बैलांच्या वाटेवर! मला हसू आवरेना. मग तीही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलांना वैरण टाकली न्हाई. पोळ्याला बैल उपाशी ठेवायची माझी पहिलीच वेळ. टँकरपाशी थांबलो न्हाई. पाहुणे पुलावर उभे होते, मॅनेजर त्यांना हात करून ओढा दाखवून राहिला होता. मला बघून तो ओरडला, "काका, तिकडं नको!"

मी बैल थेट त्या भाऱ्यांपाशी नेले आणि दोघांचेही कासरे सोडून दिले.