पापण्या असलेली पाल

ओसाकात पीएचडी करताना मी बाइतो म्हणून, म्हणजे फावल्या वेळातली नोकरी म्हणून, दुभाषाचं काम करायचे. जपानमधल्या त्सुनामीच्या मोठ्या भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. एका सकाळी विमानतळावरच्या कस्टम्समधून फोन आला. एक वयस्कर बाई आहेत, त्यांना फक्त मराठी येतं.

साताऱ्याकडच्या काकू होत्या. मुलाकडे राहून परत निघालेल्या. टेबलावर त्यांची उघडी बॅग आणि गाठी मारलेले तान्ह्या बाळाचे मोजे. अधिकाऱ्यानं एक गाठ सोडली. आत टेपनं गुंडाळलेली पाल होती. काळी, अंगावर गुलाबी पट्टे, डोळे लाल. मला वाटलं, मेलीय. तेवढ्यात तिनं डोळे मिटले आणि उघडले. बाकीच्या मोज्यांतही अशाच पाली निघाल्या, काही मेलेल्या.

“पालीला पापण्या कुठं असतात?” काकू पुटपुटल्या.

अधिकारी म्हणाला, ही साधी पाल नव्हे. फार प्राचीन कुळातली, दक्षिणेकडच्या काही बेटांवरच उरलेली. पकडायलाही बंदी आहे. परदेशातले शौकीन विकत घेतात. मग त्यानं विचारलं, मोजे कोणी भरले?

मी विचारलं. माझ्याकडे न बघता काकू म्हणाल्या, “मीच भरले.”

मला ते पटलं नाही. तरी जसंच्या तसं सांगितलं. तेच माझं काम.

दुपारी मुलगा आला. आयटीतला, सूट घातलेला. आईकडे त्यानं पाहिलंच नाही. अस्खलित जपानीत म्हणाला, “मला काही माहीत नाही. सामान आईनंच भरलं.”

“काय म्हणाला?” काकूंनी मला विचारलं.

मी सांगितलं. काकूंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्या त्याच्याकडे वळल्या.

“मित्राच्या बाळाचे मोजे आहेत, मुंबईत तो घ्यायला येईल, असं म्हणाला होतास ना तू?” त्या त्याला म्हणाल्या. आणि मला, “हे त्यांना सांग, पोरी. मघाशी मी खोटं बोलले.”

जपानी वाक्य मी दोनदा चुकले.

मुलाला पोलीस घेऊन गेले. काकूंना काही दिवसांनी घरी जाऊ दिलं. वाचलेल्या पाली प्राणिसंग्रहालयात गेल्या. त्यांना बेटावर परत का सोडत नाहीत, असं मी त्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक बेटावरची पाल वेगळी असते, आणि या कुठल्या बेटावरून आणल्या ते मुलगा सांगत नाही.