बत्तीस गावांच्या नावांची शॅडो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल, तर यापुढे जरा नीट ओळखाल.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. पनवेलला एका डीटीपीच्या दुकानात आम्ही दोघी होतो, मी आणि संगीता. मी बी.एस्सी. – आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिलीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. संगीता जवळच्याच ओवे गावची, दहावी नापास. पण माऊस हातात धरायला मला तिनंच शिकवलं. ती मला 'ग्रॅज्युएट बाई' म्हणायची. चिडवायचीच, पण त्यात कौतुकही असायचं. ते मला कळायचं.

दिवाळी झाली की आसपासच्या गावांतल्या क्रिकेट स्पर्धांची पोस्टर्स यायची. एका पोस्टरवर बत्तीस संघ, म्हणजे बत्तीस गावांची नावं, आणि प्रत्येक नावाला शॅडो हवीच – नाहीतर कमिटीवाले म्हणणार, "नाव उठत नाय." आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोचं बटण नव्हतं. नाव टाइप करा, त्याची कॉपी काढा, ती करड्या रंगाची करा, जराशी उजवीकडे आणि खाली सरकवा, मूळ नावाच्या मागे टाका. असं बत्तीस वेळा.

सॉफ्टवेअरबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. दुकानात ते वाचणारी मी एकटीच. त्यातून शोधून शोधून मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप करायच्या कामांचा छोटा प्रोग्रॅम – नावं निवडायची, स्क्रिप्ट चालवायची, की सगळ्यांच्या मागे शॅडो. संगीताला दाखवली नाही. का नाही? तिला सुचलेली प्रत्येक युक्ती तिनं आधी मला दाखवली होती. पण हे माझं होतं ना – माझ्या शिक्षणाचं. फ्लॉपीवर घातली, फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये. ती पाणी प्यायला उठली की मी स्क्रिप्ट चालवायचे.

आणि तरीही त्या मोसमात तिची पोस्टर्स माझ्या आधी तयार व्हायला लागली.

तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, हिनं माझी फ्लॉपी घेतली. दुसरं काही असूच शकत नव्हतं – दहावी नापास मुलगी आणि स्क्रिप्ट? दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, डबासुद्धा वेगळा खाल्ला. घरी जाऊन रडले. जिच्यापासून मी स्वतः लपवत होते, तिनं मला दगा दिला म्हणून! पण ते रडणं खोटं नव्हतं, एवढं खरं.

खोटं पुढेच आहे.

मी मालकांकडे गेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सांगितलं, संगीता माझ्या ड्रॉवरमधली फ्लॉपी चोरून वापरते. अण्णांनी विचारलं, "डोळ्यांनी बघितलंस?"

तिथं थांबता आलं असतं. मला संशय आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं – नाही का? मी म्हटलं, "हो. बघितलं."

मी बघितलं नव्हतं.

अण्णांनी तिला बोलावलं. बोलत होते अण्णा, पण ती बघत होती माझ्याकडे. "मी तुजा ड्रॉवर उघडला? बघितलंस तू?" मी मानेनंच हो म्हटलं. अण्णा तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तिनं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि गेली. भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर –

नाही. तसं काही म्हणायचं नाही मला.

दुसऱ्या दिवशी तिचं अर्धवट पोस्टर माझ्याकडे आलं. तिच्या कॉम्प्युटरवर 'गाव' नावाची एक फाइल होती. उघडली. स्क्रिप्ट नाही, काही नाही – नुसती गावांची नावं. ओवे, करंजाडे, करंजा... खालपर्यंत. तीन मोसमांत हातानं शॅडो देऊन ठेवलेली. संघ दरवर्षी तेच, गावं तीच. ती नुसती उचलून पोस्टरवर मांडत होती. वरची, सुरुवातीची नावं जरा वेडीवाकडी, खालची सुबक. मग आठवलं – "ठेव ना करून, परत परत काय करतेस," असं ती मला एकदा म्हणालीही होती. मी हसण्यावारी नेलं होतं.

अण्णा माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते. उठायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. सांगितलं असतं तर ती परत आली असती आणि मी खोटारडी ठरले असते. मी उठले नाही. ती फाइल माझ्या कॉम्प्युटरवर घेतली आणि पोस्टर पुरं केलं.

पुढच्या वर्षी ओव्याचं पोस्टर घेऊन तिचा थोरला भाऊ आला, तिथल्या कमिटीतला. "संगी बोलली, काम कमी झालं म्हनून सोडलं," तो म्हणाला. म्हणजे घरी तिनं काहीच सांगितलं नव्हतं. छापायच्या आधी मी त्याला नमुना दाखवला. तो एकेक नाव वाचत गेला. मग ओव्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "आता नावं कोन करते? संगीसारखाच हात हाय."

मी म्हटलं, "मीच करते."